कढीपत्त्याची पानं कोण खातंय?

अबोली_पुणे | १४ जून

बागेवरचे आपले बहुतेक धागे खत, छाटणी आणि कीड यांवर आहेत. हा धागा बागेत येणाऱ्या पाहुण्यांसाठी काढते आहे.

माझी गच्ची तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला. चाळीस-बेचाळीस कुंड्या. पहिली आठ वर्षं मी फक्त फुलांसाठी बाग केली. देवाला जास्वंद, गजऱ्याला मोगरा, संध्याकाळी वासाला रातराणी. पानाला भोक दिसलं की चिमट्याने अळी उचलून खाली टाकायचे. कढीपत्त्यावर तर रोज पहारा.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे हॉस्पिटल आणि घर. कुंड्यांना शेजारच्या काकूंनी पाणी घातलं, बाकी कुणी काही पाहिलं नाही. आईंना घरी आणल्यावर सकाळच्या उन्हात गच्चीत खुर्चीवर बसवलं आणि बघते तो कढीपत्त्याच्या निम्म्या काड्या बोडक्या. मी चिमटा आणायला वळले तेवढ्यात आई म्हणाल्या, "थांब गं, इथे काहीतरी हलतंय." कुंडीमागच्या गजाला एक कोष होता आणि तो उकलत होता. काळं, ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, गजाला लटकून राहिलं आणि हळूहळू त्याचे पंख उलगडले. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. आईंचा चहा तसाच गार झाला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या स्वतःहून म्हणाल्या, "उद्या पुन्हा इथेच बसव."

ते कॉमन मॉर्मन नावाचं फुलपाखरू होतं, हे नंतर कळलं. चिमटा त्या दिवसापासून बंद. फुलं मी आजही तितक्याच हौसेने लावते, पण सकाळी आधी पानं बघते, कुणी खाल्ली आहेत का ते.

तुमच्याकडे कोण येतं? कशावर येतं? सविस्तर लिहा.

शिवार | १४ जून

ताई, वाचून छान वाटलं. पण माझं लिंबाचं रोप दीड फुटाचं आहे, त्यावर सध्या सात अळ्या आहेत आणि पानं मोजून पंचवीस. सगळ्या ठेवल्या तर रोपच जाईल. अशा वेळी काय करायचं?

रानजाई | १४ जून

शिवार, तुमची अडचण खरी आहे. सात अळ्यांना पंचवीस पानं पुरणार नाहीत. रोपही जाईल आणि शेवटी अळ्याही उपाशी मरतील. दोन ठेवा, पाच जवळच्या मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. हाताने उचलू नका, पानासकट कापून त्या झाडाच्या पानावर ठेवा, अळी आपणहून चढते. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन या दोघांनाही लिंबू आणि कढीपत्ता दोन्ही चालतं.

लहानपणी या अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, काळपट-तपकिरी आणि त्यावर पांढरा पट्टा. म्हणून पक्षी दुर्लक्ष करतात. शेवटची कात टाकली की हिरव्यागार होतात. हात लावलात तर डोक्यामागून लाल किंवा नारिंगी दुभागलेली शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. ती घाबरल्याची खूण, डंख वगैरे काही नाही. मुलांना मुद्दाम दाखवा, पण एकदाच.

कोवळी पालवी कमी असेल तर अजून दोन कढीपत्ते लावा. जुन्या झाडाच्या मुळातून पिलं फुटतात ती काढून लावा, किंवा पिकलेली काळी फळं ताजी असतानाच गर धुऊन पेरा. बी वाळलं की उगवत नाही.

नाना_नागपूर | १५ जून

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो जी. फुलपाखरं राहू द्या, माणूस गच्चीवर थांबत नाही. तरी सदाफुली, कण्हेर, बोगनवेल आणि चिनी गुलाब तग धरून आहेत. मी एकच गोष्ट नेमाने करतो, पाणी. मातीची पसरट परात घेतो, तिच्यात खडे टाकतो, म्हणजे मधमाशी बुडत नाही. सकाळी साळुंक्या, मग बुलबुल, दुपारी खारी, आणि चारच्या सुमारास फुलोरी माशा, म्हणजे छोट्या मधमाश्या, परातीच्या काठाला रांगेने बसतात. पाणी नेऊन पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून पोळं गार ठेवतात, हे मला इथेच एकाने सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्यासाठी वेगळी परात ठेवली.

परात रोज घासायची. तसंच राहिलं तर आठवड्यात डास तयार होतात.

रानजाई | १५ जून

नानांची परात प्रत्येकाने ठेवावी. पाऊस लागला की तिच्यातच माती कालवून चिखल ठेवा आणि चिमूटभर मीठ टाका. नर फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषायला येतात. ओढ्याकाठी थवे बसलेले दिसतात ते यासाठीच.

आता अबोलीताईंच्या प्रश्नाकडे. फुलपाखराला दोन झाडं लागतात. एक त्याच्या स्वतःच्या जेवणाचं, दुसरं पिलांच्या. पेंटास, इक्झोरा, झिनिया, कॉसमॉस, एकेरी झेंडू, जास्वंद ही मधाची सोय. पण मादी अंडं घालते ती ठरावीक झाडावरच. पुढच्या पायांनी पान थापटून त्याची चव घेते आणि ते झाड आपलं नसेल तर उडून जाते. म्हणून नुसत्या फुलांच्या बागेत फुलपाखरं जेवून जातात, वस्ती करत नाहीत.

माझ्याकडची घरं सांगते. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोष इतका चकचकीत की चांदीचा डूल टांगल्यासारखा दिसतो. रुईवर प्लेन टायगर. पानफुटीवर रेड पिएरो, त्याची अळी पानाच्या आतच राहून गर खाते आणि पान बाहेरून फुगल्यासारखं दिसतं. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. कंपाउंडच्या उंच खोट्या अशोकावर टेल्ड जे. त्या अशोकाला लोक 'नुसता कचरा करणारं झाड' म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. बहाव्यावर एमिग्रंट येतात. आणि घोळीची भाजी कुंडीत आपोआप उगवली तर उपटू नका, डॅनेड एगफ्लायची मादी तिच्या शोधात जमिनीलगत उडत असते.

कॉमन मॉर्मनच्या काही माद्या नरासारख्या दिसतच नाहीत. पंखांवर लाल-पांढरे ठिपके घेऊन त्या कॉमन रोजचं सोंग घेतात. कॉमन रोज सापसंदाच्या वेलावर वाढतं, ते विष त्याच्या अंगात उतरतं आणि पक्षी त्याला टाळतात. त्या टाळण्याचा फायदा मॉर्मनच्या मादीला. तेव्हा कढीपत्त्यावर लाल ठिपक्यांचं फुलपाखरू अंडी घालताना दिसलं तर ओळखायला चुकलो असं समजू नका.

सई_ठाणे | १७ जून

माझा अनुभव वाईट आहे. मार्चमध्ये एका नर्सरीतून हिरवंगार लिंबू आणलं, पानाला एक डाग नाही. पंधरा दिवसांत त्यावर लाइम बटरफ्लायने अंडी घातली, मुलगी रोज वहीत लिहायची. अळ्या बाहेर आल्या आणि तीन दिवसांत काळ्या पडून गळाल्या. सगळ्या. ती खूप रडली. मला अजून कळत नाही काय चुकलं.

रानजाई | १७ जून

सई, तुझं काही चुकलं नाही. ते रोप जवळजवळ नक्की औषध घातलेलं असणार. काही कीटकनाशकं मुळांतून शोषली जाऊन पानापानांत भिनतात. वरून धुतली तरी जात नाहीत, कित्येक आठवडे किंवा महिने राहतात. पानाला एकही डाग नसलेलं रोप दिसलं की मी आता विचारूनच घेते. ते रोप टाकू नकोस. वेगळं ठेव, नवीन पालवीचे दोन-तीन बहर जाऊ देत. तोवर मुलीला बिया पेरून दे.

सई_ठाणे | १९ जून

तिने काल अकरा बिया पेरल्या. रविवारी तिला घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत नेणार आहे. मागच्या वेळी तिथे नीलवंत पाहिलं होतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून ते २०१५ मध्ये जाहीर झालं, हे तिने शाळेत सांगितलं तर बाईंना माहीत नव्हतं. काळ्या मखमलीवर निळा रंग सांडावा तसं दिसतं आणि उडताना हाताच्या पंजाएवढं वाटतं.

परसू_देवरुख | २२ जून

इकडे पाऊस भरपूर. आमची बाग म्हणजे मागचं परस आणि पुढचं अंगण. वडील फुलांसाठी वेगळी जागा करत नसत. गडग्याला कोरांटी, विहिरीकडे कर्दळ, गोठ्यामागे तगर, बस. मीही तसंच ठेवलं आहे.

तगरीवर आत्ता एक अळी आहे, माझ्या करंगळीपेक्षा जाड, हिरवी, आणि डोक्याशी निळे-पांढरे दोन डोळे. शेजारचे म्हणाले सापाचं पिल्लू. ती एका पतंगाची अळी, तगर-कण्हेरीवर येते, आणि ते डोळे खोटे असतात. पतंग हिरव्या संगमरवरासारखा. रात्री रातराणीवर पाखरू स्थिर उभं राहून रस पिताना दिसतं ना, त्याच कुळातला.

दुसरी गोष्ट लिहायची होती ती बांडगुळाची. कलमांवरचं बांडगूळ काढावंच लागतं, झाडाचं पाणी पितं ते, त्यात दुमत नाही. पण बांधावरच्या एका रायवळ आंब्यावरचं मी ठेवलं आहे. त्याच्या फळांना फुलटोच्या येतो, अंगठ्याएवढा पक्षी, फळ खाऊन चिकट बी फांदीला पुसतो. आणि त्याच बांडगुळावर हळदीकुंकू फुलपाखरू वाढतं. पंख मिटून बसलं की पिवळा आणि लाल रंग असा दिसतो की नावाचं कारण विचारावं लागत नाही. एका आंब्याची दोन पायल्या फळं कमी आली, पण चालेल.

मधुमालती | २६ जून

मला सल्ला हवा आहे, जरा घाईने. आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराने घरटं केलं आहे. जाळं, सालीचे तुकडे, सुकलेली पानं असं लोंबणारं, कचरा अडकल्यासारखंच दिसतं. दाराशी छोटीशी पडवी. मादी आत बसते तेव्हा फक्त चोच बाहेर दिसते. आणि सोसायटीने सोमवारपासून बाहेरून रंगकाम सुरू करायचं ठरवलं आहे. परांची आमच्याच बाजूने. घरटं उचलून दुसरीकडे ठेवता येईल का?

रानजाई | २६ जून

अजिबात हलवू नका. जागा बदलली की बहुतेक वेळा मादी परत येत नाही. साधारण दोन आठवडे अंडी, मग पिल्लं उडायला अडीच आठवडे. मादी बसून किती दिवस झाले ते सांगा. तेवढे दिवस तुमची बाजू शेवटी घ्या म्हणून समितीला समक्ष भेटा. लेखी पत्र नको, आधी घरटं दाखवा.

अबोली_पुणे | २६ जून

आणि तारेवर कपडे नकोत, बाल्कनीचा दिवा रात्री नको. फोटोसाठीही जवळ जाऊ नका, काचेआडून बघा.

मधुमालती | ३ जुलै

सेक्रेटरी काका आले, पाच मिनिटं काचेआडून बघत उभे राहिले आणि काही न बोलता गेले. संध्याकाळी निरोप आला, "तुमची विंग शेवटी." आज पिल्लं बाहेर आली. दोन आहेत. नर आणि मादी दोघंही खाऊ आणतात, आणि मला वाटलं होतं मध पाजत असतील, पण बहुतेक कोळी आणि बारीक किडे असतात. माझ्या जास्वंदीवरचा मावा मी मागच्याच आठवड्यात औषध मारून घालवणार होते.

रानजाई | ३ जुलै

बरं झालं नाही मारलंत. मधावर पिल्लू वाढत नाही, त्याला किडेच लागतात. चिमण्यांचंही तसंच, मोठी चिमणी दाणे खाते पण पिल्लाला अळ्या भरवते. म्हणून चिमणीचं लाकडी घर टांगून खाली तांदूळ टाकले तरी भागत नाही. दाण्यांनी उलट कबुतरं गोळा होतात आणि चिमण्यांना जागा उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की गच्चीत धान्य टाकणं थांबवावं आणि त्या पैशांत झाडं लावावीत. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहावं.

माव्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा. पांढऱ्या मिलीबगला निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, फुलांवर नाही. आणि काळी-नारिंगी, मगरीसारखी दिसणारी लहानशी अळी माव्यात फिरताना दिसली तर ती लेडीबगची पिल्लावळ. लोक कीड समजून तिलाच आधी मारतात.

नाना_नागपूर | ४ जुलै

दाण्यांबद्दल माझं थोडं वेगळं आहे ताई. आई होती तोवर ती रोज मूठभर ज्वारी टाकायची, तिच्यामागे मी ते बंद करू शकलो नाही. पण तुमचं कबुतरांचं म्हणणं खरं आहे. आता कणसंच टांगतो, कबुतराला त्यावर बसता येत नाही, चिमण्यांना येतं. हे चालेल का?

रानजाई | ४ जुलै

नक्की चालेल नाना. हे मला सुचलं नव्हतं. मीही करून बघते.

कुळागर | ९ जुलै

फोंड्याहून लिहिते. आमच्याकडे फुलपाखराला पिसोळें म्हणतात आणि काजव्याला काजुलो. काजव्यांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून कुळागरात माडा-पोफळींखाली काजवे असतात. चार वर्षांपूर्वी आम्ही रस्त्याच्या बाजूने मोठे पांढरे दिवे लावले आणि दुसऱ्या वर्षी तिथे काजवे जवळपास दिसलेच नाहीत. नर-मादी एकमेकांना उजेडानेच बोलावतात, आमच्या दिव्यात त्यांना ते दिसेना. दिवे काढले, दारातला एक पिवळा ठेवला. पालापाचोळा झाडून जाळायचो तेही बंद केलं, कारण काजव्याची अळी त्याच ओल्या पाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते. यंदा मे महिन्याच्या शेवटी अबोलीच्या वाफ्यावर पुन्हा काजवे आले. नवरा आणि मी पायरीवर बसून राहिलो, जेवायला उठायचं भान राहिलं नाही.

शिवार | ९ जुलै

कुळागर, हे वाचून आमच्या अंगणातला फोकस आज काढतो.

अळ्यांचं सांगायचं राहिलं. पाच हलवल्या, दोन ठेवल्या. एक कोषात गेली, एक दिसेनाशी झाली. कोष मात्र तपकिरी पडला आहे, बारा दिवस झाले. आत काही आहे की नाही?

रानजाई | १० जुलै

कोषाचा रंग हिरवा किंवा तपकिरी दोन्ही असू शकतो, काडीला बांधलेला असेल तर बहुतेक तपकिरीच. पण त्याला बारीक गोल भोक असेल तर गांधीलमाशीच्या कुळातल्या एका चिमुकल्या माशीने आत अंडी घातली होती असं समजा. मीही पहिल्यांदा फार हळहळले. पुढे कळलं की शंभर अंड्यांतून मोजकीच फुलपाखरं होतात, बाकीच्यांवर कोळी, मुंग्या, पक्षी, या माश्या जगतात. मी आता अळ्या घरात डब्यात वाढवत नाही. ज्यांना मुलांसाठी एखादी ठेवायची असेल त्यांनी ठेवावी, पण सगळ्या नकोत.

स्वरा_टोरांटो | २१ जुलै

इथे आमच्या मागच्या अंगणात मिल्कवीड लावलं आहे. गेल्या आठवड्यात त्यावर पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली आणि मला एकदम सांगलीची मळ्याची वाट आठवली. रुईवर अशीच अळी असायची! शोधल्यावर कळलं की इथला मोनार्क आणि आपला प्लेन टायगर एकाच कुळातले, आणि मिल्कवीड रुईच्याच घराण्यातलं. पान तोडलं की तसाच पांढरा चीक.

फरक असा की इथली सप्टेंबरात जन्मणारी पिढी दक्षिणेला निघते आणि हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरातल्या जंगलात पोचते. वाटेत त्यांना शरदातली फुलं लागतात, म्हणून मी गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर लावले आहेत. शिवाय कुंडीत झेंडू आहेच, दसऱ्याला तोरण करायला. झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच, हे मला इथे आल्यावर कळलं.

आईला सांगितलं की बांधावरची रुई काढू नकोस. ती म्हणाली, मारुतीला लागते म्हणून आधीच ठेवली आहे.

अबोली_पुणे | २ ऑगस्ट

स्वरा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

इकडे पाऊस उघडला आहे. टोमॅटोवर निळ्या पट्ट्यांची एक माशी येते, फुलाला धरून थरथरते आणि घूं असा आवाज येतो. त्या थरथरण्याने पराग सांडतात, वांग्या-टोमॅटोला तेच लागतं. संध्याकाळी सव्वासहाला तुळशीच्या वाळक्या काडीवर बघितलं तर त्याच माश्यांपैकी सहा जण जबड्याने काडी पकडून लटकत झोपलेले. तुळशीच्या मंजिऱ्या वाळल्या की मी लगेच खुडायचे. ती काडी तशीच ठेवली आहे. आईंना खुर्ची तिथेच हवी असते आता. काल त्यांनी सात मोजले.

नाना_नागपूर | ३ ऑगस्ट

ताई, एक मागणं आहे. रेड पिएरो आमच्याकडे दिसतं असं ऐकलं, पण पानफुटी इथे कुठे मिळेना. पोस्टाने पाठवता येईल काय?

अबोली_पुणे | ३ ऑगस्ट

येईल की! पत्ता मेसेजमध्ये कळवा. ओल्या कपड्यात गुंडाळत नाही, कुजतं. कोरडीच पानं साध्या पाकिटात टाकते.

नाना_नागपूर | १२ ऑगस्ट

पाकीट आज मिळालं. चार पानं आहेत, आणि दोघांच्या कडेला पाकिटातच मुळं फुटली आहेत.